कुरुमचं बिनखिळ्याचं घर

भिंतीतलं खिळ्याचं भोक बुजवायला माणसं काय काय वापरतात ते मला विचारा. सगळ्यात जास्त टूथपेस्ट. घर सोडायच्या आदल्या दिवशी घड्याळ, फोटो, कॅलेंडर खाली उतरवायचं, खिळे उपटायचे, बोटाने पेस्ट भरायची आणि वरून ओला रुमाल फिरवायचा. लांबून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मी लांबून बघायचोच नाही. मी भिंतीला नाक लावायचो. पुदिन्याचा वास आला की खिशातलं पेन बाहेर. एका पठ्ठ्याने तर लालभडक जेल भरली होती आणि वर मलाच विचारत होता, साहेब, हे आधीपासूनच असेल का? कुणी साबण भरायचं, कुणी कणीक. कणकेला मुंग्या लागायच्या, त्यामुळे तिथे नाक लावायचीसुद्धा गरज पडत नसे.

माझं कामच ते होतं. नव्वदच्या सुमाराला मी मस्कतला गेलो आणि एका कंपनीच्या घरांच्या खात्यात चिकटलो. कंपनी तिथल्या मालकांकडून अख्ख्या इमारती भाड्याने घेई आणि आपल्या माणसांना राहायला देई. माणूस घरात शिरताना एकदा आणि घर सोडताना एकदा तपासणी व्हायलाच पाहिजे, हा नियम. दोन पानी फॉर्म असायचा. भिंती, फरशी, दारं, खिडक्या, नळ, ए.सी., किल्ल्या, प्रत्येकापुढे एक रकाना. त्या रकान्यात मी लिहीन ते खरं. फॉर्मवर माझी सही झाल्याशिवाय घर सोडल्याचा कागद मिळत नसे, आणि तो कागद नसेल तर गावी जायचं तिकीट हातात पडत नसे. त्यामुळे मोठमोठे इंजिनियरसुद्धा त्या दिवशी माझ्या मागे मागे फिरायचे, चहा घेणार का विचारायचे. मी घेत नसे. संगमेश्वराकडच्या खेड्यातून बांधकामाचा डिप्लोमा करून आलेला माणूस मी, मुळात तापट, नाकावर माशी बसू न देणारा, आणि त्यात हातात पेन मिळालेलं.

पण खरं सांगायचं तर मी इतका कडक होतो त्याचं कारण नियम नव्हता. मला हेवा वाटायचा. मी स्वतः मस्कतच्या रूवी भागात एका खोलीत राहत होतो, चौघांत. चार पलंग, चार ट्रंका, एक पंखा. माझ्या पगाराच्या माणसाला बायकापोरं आणायची परवानगी नव्हती. बायको गावी माझ्या आईवडिलांजवळ, आणि मुलगी झाली तेव्हा मी तिकडे. बारशाची तार आली ती सुद्धा चार दिवस उशिरा. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. मला घर पाहिजे होतं. खोली नव्हे, घर. संध्याकाळी दार उघडल्यावर फोडणीचा वास यावा, मुलीने पायात चप्पल उलटी घालून समोर यावं, बायकोने माझ्यावर कशावरून तरी वैतागावं, एवढंच. आणि नोकरी अशी की रोज दुसऱ्यांची रिकामी घरं उघडायची आणि त्यांत कोण कसं राहून गेलं ते भिंतीवर वाचायचं.

वाचता यायचं सगळं. सोफा कुठे होता ते डोक्याच्या तेलाच्या डागावरून कळायचं. म्हातारं माणूस येऊन राहून गेलं असेल तर पलंगाशेजारी हाताच्या टेकूची काळपट रेघ असायची. कपाटाच्या एका फळीला वरून काजळी धरलेली असली की तिथे देव होते. आपल्या लोकांच्या दारावर तोरणाचे दोन खिळे हमखास, आणि ओट्यामागच्या फरशीच्या सांध्यांत हळद बसलेली, कितीही घासा, निघायची नाही. मी हे सगळं इंग्रजीत लिहून काढायचो. डाग, काजळी, दोन भोकं. लिहिताना आत कुठेतरी जळायचं.

एक घर अजून विसरत नाही. पुण्याकडचं जोडपं होतं, त्यांचं मूल तिकडेच झालेलं. बेडरूमच्या छताला पाळण्याची कडी ठोकली होती. मी म्हटलं, कडी काढा, सिमेंट भरा. ती बाई म्हणाली की माझ्या सासूबाई म्हणतात, मूल ज्या कडीखाली झोपलं ती आपल्या हाताने काढू नये, तेवढी राहू द्या ना, पुढच्यांना उपयोगी पडेल. मी म्हटलं, तुमच्या हाताने नको तर आमचा माणूस काढेल, पण फॉर्मवर तर लिहावंच लागेल. तिचे डोळे भरून आले. मी वर न बघता लिहीत राहिलो. माझ्या मुलीचा पाळणा कुठे टांगला होता, ओटीवर की माजघरात, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ते त्या बाईला सांगितलं असतं तर तिने मला माफ तरी केलं असतं, पण सांगितलं नाही.

अशी भोकं बुजवायला आमच्याकडे एक रंगारी फोरमन होता. दाभोळच्या खाडीकाठचा मुसलमान माणूस, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. तो माझ्याशी गावच्या मराठीत बोलायचा, आणि त्या वाळूत ती मराठी ऐकून मला बरं वाटायचं, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. मी फॉर्म पुढे करायचो, तो पुट्टीचा डबा घेऊन माझ्या मागून यायचा. कधी कधी माझी यादी बघून हसायचा. म्हणायचा, तू भिंतीची तपासणी करतोस की माणसांची? मी त्याला दटावायचो. तो आणखी हसायचा.

दोन हजार साल उजाडायच्या जरा आधी माझी बढती झाली आणि फॅमिलीची परवानगी मिळाली. घर मिळालं ते मस्कतच्याच कुरुम भागात, दुकानांच्या मागच्या गल्लीत. तीन मजली जुनी इमारत, त्यातला दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि हातभर बाल्कनी. आत शिरतानाची तपासणी मीच केली. माझ्या आयुष्यात मी इतका बारीक फॉर्म भरला नव्हता. बाथरूमच्या आरशाचा एक कोपरा उडालेला, तो लिहिला. दाराच्या मुठीवरचा ओरखडा लिहिला. उद्या कुणी म्हणायला नको की याने आपल्या घराला सवलत घेतली. आणि मग फॉर्म घडी करून खिशात ठेवला, दार बंद केलं आणि त्या मोकळ्या खोलीत जमिनीवर उताणा झोपलो. मोठ्याने हसलो असेन बहुतेक, कारण वरच्या मजल्यावरून कुणीतरी काहीतरी आपटलं.

बायको आणि मुलगी आल्या तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. विमानतळावरून घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, पण घरात आल्यावर सगळे दिवे लावून बघितले तिने. बायकोने पेटी उघडली आणि सगळ्यात आधी काय काढलं असेल? मराठी कॅलेंडर. कपड्यांत गुंडाळून, सुरकुती पडू न देता आणलं होतं. ते घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याच्या वरच्या भिंतीवर धरून बघितलं, आणि मला म्हणाली, इथे एक खिळा मारून द्या.

मी म्हटलं, खिळा नाही.

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी तिला नीट समजावलं. मी इथे दुसऱ्यांच्या खिळ्यांवर बोट ठेवतो. उद्या माझ्याच भिंतीला भोक निघालं तर कुठल्या तोंडाने लोकांना बोलू? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं होईल. आणि भाड्याचं घर, खाली कर, ही म्हण तुला माहीतच आहे. आज ना उद्या हे सोडायचंच आहे, मग उगाच लागेबांधे कशाला? ती बिचारी सात वर्षांनी नवऱ्याच्या घरात राहायला आलेली, पहिल्याच दिवशी खिळ्यावरून भांडायचं का? तिने कॅलेंडर फ्रिजवर उभं केलं आणि पाठीमागून साखरेचा डबा लावला. फ्रिज उघडला की ते पुढे पडायचं. ते उचलून परत लावायचं. चार वर्षं हेच चाललं.

एकदा सवय लागली की माणूस काय काय करतो बघा. देव भांड्यांच्या कपाटात गेले, खाली स्टीलची परात, कारण तेल सांडायला नको. उदबत्ती बाल्कनीत लावायची, कारण काजळी धरायला नको. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे डोकं टेकणार नाही. ओट्यामागे वर्तमानपत्र चिकटवायचं नाही, कारण चिकटपट्टीचा डाग राहतो, तर ते पातेल्याच्या टेकूने उभं करायचं आणि दर शनिवारी बदलायचं. बायको माझ्या कामाची इतकी धास्ती घेऊन राहिली की पुढे पुढे मला काही सांगावंच लागलं नाही. ती स्वतःच माझ्याहून कडक झाली. हळद जरा सांडली तर लिंबू घेऊन धावायची. मी ते कौतुकाने बघायचो. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं मी फोरमनला सांगितल्याचं आठवतंय. तो तंबाखू मळत राहिला.

मुलगी इंडियन स्कूलला जायला लागली आणि वर्षभरात तिचं मराठी अडखळायला लागलं. मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत. शाळेतून चित्रं आणायची, ती आम्ही फाइलमध्ये ठेवायचो. एकदा तिची एक मैत्रीण घरी आली होती आणि हॉलमध्ये चेंडूचा आवाज झाला. मी नुसतं आतून खाकरलो. ती पळत आली आणि म्हणाली, "बाबा, मी वॉलला टच नाही केलं हं." मला अगदी धन्य वाटलं. मुलगी शिस्तीची निघाली म्हणून मी तिला त्या दिवशी आइस्क्रीम आणलं. आता ते आठवलं की माझं मलाच मुस्कटात मारून घ्यावंसं वाटतं.

तसं सुख पुष्कळ होतं, नाही असं नाही. शुक्रवारी सकाळी भाई त्याची पिकअप घेऊन यायचा आणि आम्ही सगळे बरकाच्या मासळीबाजारात जायचो. बायको खाडीकाठची, तिला मासा निवडताना बघावं. कल्ले उघडून बघायची, बोट दाबून बघायची, आणि तिथल्या कोळ्याशी मराठीत भाव करायची. तो अरबीत ओरडायचा, ही मराठीत, आणि शेवटी दोघं हसायची आणि सुरमई पिशवीत पडायची. पण मासे तळायचे कुठे? घरात नाही. तेलाचा धूर, भिंतीला वास. मग संध्याकाळी ऊन उतरलं की छोटी शेगडी घेऊन आम्ही गच्चीवर जायचो. पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीच्या तबकड्यांमध्ये सतरंजी घालायची. खालची जमीन तेव्हाही इतकी तापलेली असायची की सतरंजीतून चटका लागायचा. बायको पदराने घाम पुसत तुकडे सोडायची, मुलगी टाक्यांमागे लपायची, आणि भाई पहिला तुकडा तोंडात टाकून म्हणायचा की वहिनी, दाभोळात बसल्यासारखं वाटतं. आम्ही तिथे मोठमोठ्याने हसायचो. खाली घरात आल्यावर आवाज आपोआप हळू व्हायचा.

एका वर्षी, तिकडे पावसाळी हवा असते तेव्हा, आम्ही लांब दक्षिणेकडच्या सलालाहला चार दिवस गेलो. नारळाच्या बागा, केळी, चिखलाचा वास. बायको एका बागेच्या कुंपणापाशी उभी राहून रडली, आणि शहाळं हातात दिल्यावर रडता रडता प्यायली. लॉजच्या खोलीत तिने आल्या आल्या खिडकीच्या गजापासून दाराच्या हुकापर्यंत दोरी बांधली आणि ओले कपडे टाकले. मुलगी पलंगावर उताणी, पाय सरळ वर भिंतीला लावलेले, भिंतीवर ओल्या पावलांचे ठसे. मी काही बोललो नाही. ते घर माझ्या यादीत नव्हतं. त्या चार दिवसांत दोघी मला जितक्या मोकळ्या दिसल्या तितक्या कुरुममध्ये कधी दिसल्या नाहीत, हे मी तेव्हाही बघितलं होतं. नुसतं बघितलं, विचार केला नाही.

आमच्या इमारतीचा मालक, आमचा अर्बाब, वर्षातून एकदा सगळी घरं बघायला यायचा. उंच, म्हातारा, पांढऱ्याशुभ्र झग्यातला माणूस, हातात काठी. इतरांच्या घरात भुवया चढवायचा. आमच्या घरात आला की सगळीकडे फिरायचा, भिंतीवरून हात फिरवायचा आणि माशाल्ला म्हणायचा. बायको खजूर आणि कॉफी पुढे ठेवायची. एकदा त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना बघितलं आणि तिथल्या हिंदीत मला विचारलं, "इधर आदमी रहता है?" मी छाती फुगवून हो म्हटलं. त्यानंतर तो शेजारच्या केरळी कुटुंबाला आमचं घर दाखवायला घेऊन आला. त्या घरची बाई जाताना माझ्या बायकोच्या दंडावर हात ठेवून गेली. मला वाटलं, वा, मैत्री झाली.

मग दोन हजार चारच्या सुमाराला कंपनीने कुरुममधली ती इमारत मालकाला परत द्यायची ठरवली. आमच्या पगाराच्या माणसांची फॅमिली बंद. मला आत वाळवंटातल्या एका साइटवर पाठवलं, तिथे कॅम्प, आणि कॅम्पात बायकापोरांना जागा नाही. दीड महिना मिळाला. मी वरिष्ठांकडे जाऊन आलो, दोनदा भांडलोसुद्धा, पण खलास म्हणजे खलास. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. पुढचं शिक्षण गावी, आजीआजोबांकडे. त्यानंतर मी आणखी सहा वर्षं तिकडे काढली आणि परत आलो तेव्हा मुलगी कॉलेजला वसतिगृहात होती. म्हणजे आम्ही तिघं एका छपराखाली सलग राहिलो ती एवढीच चार वर्षं. हे अर्थात तेव्हा माहीत नव्हतं.

बायकोने निघायच्या आधी तीन दिवस घर धुऊन काढलं. मी तिला म्हटलं, रंगारी येणारच आहे. ती म्हणाली, येऊ दे, पण त्याला काही काम नाही पडलं पाहिजे. विमानतळावर मुलगी माझा हात सोडत नव्हती. पहिल्या वेळी बोलत नव्हती, या वेळी सोडत नव्हती, यातली अदलाबदल मला सहन झाली नाही आणि मी तिला उगाचच ओरडलो की रांग पुढे गेली, चल.

घर परत द्यायच्या दिवशी तपासणी होती. स्वतःच्या घराची तपासणी स्वतः करायची नाही, हा नियम मीच एकदा वरिष्ठांकडून मंजूर करून घेतला होता. म्हणून फॉर्म भाईच्या हातात होता, आणि मी राहणारा म्हणून त्याच्या मागे. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी मागे होतो. सामान गेलेलं होतं. पडदे काढल्यामुळे उजेड सरळ आत येत होता. त्याने हॉलच्या भिंती बघितल्या. लिहिलं, निल, म्हणजे काही नाही. बेडरूम, निल. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. आधी मला नेहमीसारखा अभिमान वाटला. स्वयंपाकघरापर्यंत तो पुरला. तिथे भाईने फरशीच्या सांध्यावरून नख फिरवलं आणि मला दाखवलं. नख पांढरं. चार वर्षं रोज वरण, आमटी, कालवण झालेल्या ओट्यामागे हळदीचा एक कण नव्हता.

मी कपाट उघडलं जिथे देव होते. फळीवर बोट फिरवलं. काही नाही. खाली वाकून वास घेतला. साबणाचा वास. मुलीच्या पलंगाची जागा बघितली, गुडघ्यावर बसून बघितली. पेन्सिलीची रेघ, खडूचा ठिपका, चिकटवलेल्या चांदणीचा डिंक, काहीतरी असेल, मुलगी होती ती, सातव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत इथे वाढली. भिंतीला मी नाक लावलं. नवीन भिंतीला येतो तसा कोरा वास आला. पुणेकरांच्या घरात मला एका मिनिटात कळलं होतं की मूल कुठे झोपायचं. माझ्या मुलीचा मला पत्ता लागेना.

मी भाईला म्हटलं, बाथरूम परत बघ. तो म्हणाला, बघितलं. मी म्हटलं, आरशाचा कोपरा? तो म्हणाला, तो तूच आत येताना लिवलायस, तो आधीच्या माणसाचा. मी म्हटलं, दार बघ, दाराला काहीतरी असेल. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं असावं मी काय शोधतोय ते. तो पुट्टीचा डबा घेऊन आला होता, सवयीने, तो त्याने उघडलाही नव्हता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अरे बाबा, काय लिवू मी? हितं कोण ऱ्हायलंच नाय."

मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि राहणाऱ्याच्या जागी सही केली. माझ्या हयातीत मी शेकड्यांनी फॉर्म भरले असतील, पण सगळे रकाने निल असलेला तो एकच. खाली अर्बाब गाडीत बसून होता. त्याने फॉर्म बघितला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि खूप वेळ सोडला नाही. असा माणूस परत मिळणार नाही, असं काहीतरी तो भाईला सांगत होता.

संध्याकाळी मी गावी फोन लावला. शेजारच्यांच्या फोनवर दोघी आधीच येऊन बसल्या होत्या, कारण आज तपासणी आहे हे त्यांना माहीत होतं. फोन मुलीने उचलला. तिने माझी चौकशी केली नाही, जेवलात का विचारलं नाही. दम लागल्यासारखी म्हणाली, "बाबा, आपण पास झालो?"

मी म्हटलं, हो, झालो. तिने तिथेच मोठ्याने ओरडून आईला सांगितलं की आपण पास, आणि शेजारच्यांनासुद्धा सांगितलं असावं, कारण मागे कुणीतरी हसलं. ती खरोखर आनंदली होती. चार वर्षांची परीक्षा होती तिची.

मग बायको आली. मी तिला म्हटलं, एक ओरखडा निघाला नाही, भाईला पुट्टीचा डबा उघडावा लागला नाही. ती म्हणाली, बरं झालं, तुमचं नाव राहिलं. मग ती म्हणाली, "आता घर गेलंच आहे म्हणून सांगते. मला तिथे एक खिळा हवा होता हो. काही अडकवलं नसतं तरी चाललं असतं. नुसता आपला म्हणून एक."

मी म्हटलं, मग चार वर्षांत बोलली का नाहीस परत?

"बोलले असते," ती म्हणाली, "पण तुम्ही फॉर्म घेऊन आला असतात."